तार निघाली, तरी ‘नेटडेव्ह_डाउन’ का येत नाही?

पुणे–सोलापूर महामार्गावरच्या कासुर्डीत एखाद्या दुकानाच्या फळीवर वाय-फाय राऊटर लुकलुकत असतो. तो उघडून पाहिला, तर आत बहुतेक वेळा लिनक्सचाच कर्नल सापडेल. राऊटरची नेटवर्कची तार ओढली की तिचा दिवा विझतो आणि कर्नलच्या इतर भागांना त्याची वर्दी जाते. ही वर्दी आपल्यालाही मिळावी म्हणून ‘रजिस्टर_नेटडिव्हाइस_नोटिफायर’ हे फंक्शन आहे. कॉलबॅक लिहायचा, त्याचा पत्ता ‘नोटिफायर_ब्लॉक’मध्ये ठेवायचा आणि तो ब्लॉक नोंदवायचा. काम एका ओळीचं असल्यामुळे माणूस ते करून मोकळा होतो. ही हाक नेमकी केव्हा येते, येते तेव्हा कोणतं लॉक धरलेलं असतं, हे मात्र तपासायचं राहून जातं.

पहिला गैरसमज तारेचाच. तार निघाली म्हणजे ‘नेटडेव्ह_डाउन’ येणार, असं धरून कोड लिहिला जातो आणि मग ती घटना येतच नाही. ‘डाउन’ येतं ते कुणी इंटरफेस मुद्दाम बंद केला तर, म्हणजे ‘आयपी लिंक सेट ईथ० डाउन’सारखी आज्ञा दिली तर. तार निघाली की ड्रायव्हर फक्त ‘कॅरिअर नाही’ एवढं नोंदवतो आणि येतं ‘नेटडेव्ह_चेंज’. तेव्हा ‘नेटिफ_कॅरिअर_ओके’ विचारून काय बदललं ते आपणच पाहायचं असतं. खात्री करायची असेल तर टर्मिनलवर ‘आयपी मॉनिटर लिंक’ चालू ठेवून तार काढा. येणाऱ्या ओळीत कंसातल्या फ्लॅगमध्ये ‘नो-कॅरिअर’ आणि ‘अप’ दोन्ही दिसतील, आणि त्याच ओळीत पुढे ‘स्टेट डाउन’ असंही असेल. गोंधळाचं मूळ इथे आहे. फ्लॅगमधलं ‘अप’ हा माणसाने दिलेला हुकूम, तर ‘स्टेट’ ही प्रत्यक्षातली अवस्था. शिवाय तार सैल असेल आणि लिंक सेकंदाच्या आत जाऊन परत आली, तर दोन वेगळ्या घटना मिळतीलच असं नाही. या बातम्या कर्नल थोड्या थांबवून देतो, त्यामुळे कॉलबॅक मोजून लिंक किती वेळा तुटली याचा हिशेब लावता येत नाही.

आपलं मोड्यूल उशिरा लोड झालं तर आधीपासून असलेले इंटरफेस हुकतील, या भीतीने काही जण नोंदणीआधी साऱ्या इंटरफेसची यादी स्वतः फिरून घेतात. त्याची गरज नाही. नोंदणी होताच कर्नल आधीच्या प्रत्येक इंटरफेससाठी ‘नेटडेव्ह_रजिस्टर’ आणि जो चालू असेल त्याच्यासाठी ‘नेटडेव्ह_अप’ नव्याने ऐकवतो. उलट दोन्हीकडून नोंद केली, तर एकच इंटरफेस दोनदा मोजला जातो.

सगळ्यात महागात पडतो तो लॉकचा गैरसमज. कॉलबॅक म्हटलं की तो इंटरप्टमध्ये चालत असणार आणि त्यात झोपता येणार नाही, असं अनेकांना वाटतं. नेटडिव्हाइस नोटिफायरच्या बाबतीत ते खरं नाही; तिथे झोपता येतं. पण ‘आरटीएनएल’ हा म्युटेक्स आधीच धरलेला असतो. आत पुन्हा ‘आरटीएनएल_लॉक’ मागितला की तो थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसतो, आणि त्याच्यामागे इंटरफेस बदलणाऱ्या सगळ्या आज्ञा अडकतात. हेच संकट आडवाटेनेही येतं: कॉलबॅकमधून वर्कक्यूतलं एखादं वर्क संपायची वाट पाहायची आणि त्या वर्कला नेमका हाच लॉक हवा असायचा. हे कोड वाचून पटकन लक्षात येत नाही, म्हणून चाचणीच्या कर्नलमध्ये लॉक तपासणारं ‘लॉकडेप’ चालू असावंच. आणि नोंदवलेल्या कॉलबॅकच्या एका साखळीचा (नोटिफायर चेन) नियम दुसरीला लावू नये. आयपीव्ही४ पत्त्यांची साखळी झोपू देते, आयपीव्ही६ पत्त्यांची ॲटॉमिक आहे, तिथे झोपायचं नाही.

जुना नमुना उचलणाऱ्यांसाठी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कॉलबॅकचा तिसरा पॅरामीटर ‘व्हॉइड’ पॉइंटर असतो. २०१३ साली आलेल्या ३.११ आवृत्तीपूर्वी तो थेट ‘नेट_डिव्हाइस’कडे बोट दाखवायचा. त्यानंतर तिथे ‘नेटडेव्ह_नोटिफायर_इन्फो’ आलं आणि डिव्हाइस ‘नेटडेव्ह_नोटिफायर_इन्फो_टू_डेव्ह’ने काढून घ्यावं लागतं. जुनी ओळ आजही विनातक्रार कंपाइल होते, कारण व्हॉइड पॉइंटरवर कंपायलर हरकत घेत नाही. चालवल्यावर मात्र भलतीच मेमरी वाचली जाते.

या कॉलबॅकमध्ये पॅकेट येतात, असंही समजलं जातं. ते येत नाहीत. महामार्ग सुरू झाला की बंद पडला हे कळणं वेगळं, आणि नाक्यावर एकेक गाडी थांबवून पाहणं वेगळं. पॅकेट पाहायचे तर नेटफिल्टरचे हुक आहेत. ते ‘एनएफ_रजिस्टर_नेट_हुक’ने प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसमध्ये वेगळे नोंदवावे लागतात आणि त्यांच्यात झोपायला मनाई आहे.

कॉलबॅकमधून घटना नाकारता येते का? काही नाकारता येतात. इंटरफेस उघडण्याआधी येणाऱ्या ‘प्री_अप’ला एरर परत केली तर इंटरफेस उघडतच नाही. ‘अप’ला परत केली तर तिच्याकडे कुणी पाहत नाही.

राहिला निरोपाचा भाग. मोड्यूल काढताना नोंद रद्द केली नाही, तर साखळी मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहते आणि पुढच्या घटनेला कर्नल कोसळू शकतो. नोंद रद्द करताना कर्नल उरलेल्या इंटरफेससाठी ‘डाउन’ आणि ‘अनरजिस्टर’ही पाठवतो, तेव्हा आवरासावरीचा कोड एकाच ठिकाणी लिहिला तरी पुरतो. ‘अनरजिस्टर’ आल्यावर आपण ‘डेव्ह_होल्ड’ने धरलेला डिव्हाइसचा संदर्भ ‘डेव्ह_पुट’ने सोडायचा असतो. तो राहिला की लॉगमध्ये दर दहा सेकंदांनी येत राहतं: ‘अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर ईथ० टू बिकम फ्री’, आणि पुढे शिल्लक संदर्भांचा आकडा. या ओळीवरून कार्ड बिघडलं असा निष्कर्ष काढला जातो, पण बिघाड बहुधा कुठल्या तरी मोड्यूलच्या हिशेबात असतो. ५.१७ पासूनच्या कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_नेट_डेव्ह_रेफसीएनटी_ट्रॅकर’ हा पर्याय चालू करून कर्नल बांधला, तर माग ठेवलेला संदर्भ कोणत्या ओळीने धरला तेही छापून येतं.