आईचे वजन आणि पोटातले बाळ

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील हट्टा हे गाव तेथील जुन्या पायऱ्यांच्या बावडीमुळे बाहेरच्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला हा सगळा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यातला, भाताचा. मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी येथे शेजारी-शेजारी नांदतात. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की गावच्या बायका दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात आणि त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. अशा गावांतून गर्भवतीला दिला जाणारा एक सल्ला सर्रास ऐकू येतो: पोट भरून जेवू नको, बाळ मोठे होईल आणि बाळंतपण जड जाईल. आपल्याकडे गोव्यात नेमका उलटा सल्ला मिळतो: तू आता दोन जिवांची आहेस, दोघांचे खा. वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर हे दोन्ही सल्ले टिकत नाहीत. गरोदरपणात किती खावे, हे प्रामुख्याने गर्भ राहिला त्या वेळी आईचे वजन किती होते यावर ठरते.

वजनाचा विचार उंचीसह करावा लागतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तो १८.५ च्या खाली असेल तर स्त्री कृश समजली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया या गटात होत्या, तर मध्य प्रदेशात हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. त्याच पाहणीत देशातील २४ टक्के आणि गोव्यातील सुमारे ३६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर वाढलेले आढळले. म्हणजे काट्याची दोन्ही टोके एकाच देशात आहेत.

कृश आईच्या बाबतीत नेमके काय घडते, याचा जगातील एक महत्त्वाचा अभ्यास मराठी मुलखातच झाला आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम सुरू केले. गर्भधारणेआधीच स्त्रियांची वजने आणि मापे घेतली हे त्याचे वैशिष्ट्य. या शेतकरी स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय जेमतेम १८ होता. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे जन्मणारी बाळे सरासरी ३.५ किलोची होती.

वजनातील फरकाहून या बाळांची घडण अधिक विचार करायला लावणारी होती. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते; पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ, पण आतून चरबी राखून असलेले हे बाळ. पुढे अन्न मुबलक मिळू लागले की अशा शरीराला मधुमेहाचा धोका अधिक, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. आईच्या आहारातील उष्मांक आणि प्रथिने यांच्यापेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. आणि गरोदरपणात ज्या स्त्रियांना शेताचे, पाण्याचे, घरचे काम जास्त पडत होते, त्यांची बाळे लहान भरली. हट्ट्याच्या रोवणीला हा निष्कर्ष सरळ लागू पडतो.

आता ‘कमी खाल्ले तर सुटका सोपी होते’ या समजाविषयी. प्रसूती अडते ती बहुधा आईचे कटिर अरुंद असल्याने किंवा बाळ आडवे-तिरके असल्याने. ज्या स्त्रीची उंची १४५ सेंटिमीटरच्या आत आहे तिने रुग्णालयातच बाळंत व्हावे, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. उपाशी राहून कटिर रुंद होत नाही. होते एवढेच की बाळ अडीच किलोच्या खाली जन्मते. अशा बाळाला अंगाची ऊब राखणे, दूध ओढणे, जंतुसंसर्गाशी झुंजणे सारेच कठीण जाते. आई रक्तक्षयाने आधीच अशक्त असेल तर प्रसूतीतील थोडासा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेततो.

दुसऱ्या टोकाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. जादा वजनाच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि गरोदरपणात तो आणखी घटतो. आईच्या रक्तातील वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते. जन्माच्या वेळी खांदा अडकण्याची भीती असते. नाळ कापल्यावर आईकडची साखर थांबते, इन्सुलिन मात्र चालूच राहते, त्यामुळे बाळाची साखर एकदम घसरू शकते. आईलाही उच्च रक्तदाब, सिझेरियन आणि टाके चिघळणे यांचा धोका वाढतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासण्याची सोपी चाचणी आहे. साखर १४० किंवा अधिक आली तर उपचार सुरू होतात. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. पहिली ठीक आली म्हणून दुसरी टाळणे, हे आपल्या सुशिक्षित घरांतही घडते.

मग वजन किती वाढावे? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या मर्यादा पुष्कळ ठिकाणी आधाराला घेतल्या जातात: कृश स्त्रीसाठी साडेबारा ते १८ किलो, मध्यम वजनाच्या स्त्रीसाठी साडेअकरा ते १६, जादा वजन असेल तर सात ते साडेअकरा आणि लठ्ठपणात पाच ते नऊ. आपल्याकडे साधारण दहा-बारा किलोंचा ठोकताळा चालतो. पण तो ४० किलोच्या आणि ८० किलोच्या आईला सारखाच लावणे चूक. लठ्ठ स्त्रीनेही गरोदरपणात वजन उतरवण्याचा खटाटोप करू नये.

नऊ महिन्यांत सगळी कसर भरून निघते काय? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून काही वर्षे चाललेल्या एका प्रयोगात स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला रोजचा खाऊ दिला गेला. सर्वांची मिळून सरासरी काढली तेव्हा बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांना तो मिळाला होता, त्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि हा लाभ अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांना मिळाला. अगदी कृश स्त्रियांच्या बाळांना तो जवळपास पोचलाच नाही. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण या खाऊने बरेच कमी झाले, ही त्यातली जमेची बाजू.

त्यामुळे हट्ट्यासारख्या गावात खरा प्रश्न लग्नाआधीच्या मुलीच्या ताटाचा आहे. तिथे दूध आणि भाजी आधी कोणाला वाढली जाते, ती शेवटी जेवते की सर्वांबरोबर, यावर पुढच्या पिढीचे जन्मवजन अवलंबून असते. दिवस गेल्यावर करण्यासारखे पहिले काम म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात वजन आणि उंची नोंदवणे. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रथमच काट्यावर उभ्या राहिलेल्या स्त्रीचे मूळ वजन किती होते हे कुणालाच सांगता येत नाही आणि तिला खायला वाढवायचे की आवरायचे, हे डॉक्टरांनाही अंदाजानेच ठरवावे लागते.