मालगाडीचा ताप मोजणारे यंत्र

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर काय होते? चाक कुरकुरते, आस घासून गरम होतो. रेल्वेचेही तसेच आहे. मालगाडीच्या प्रत्येक आसाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग असते. ते बिघडले की घर्षण वाढते, ते तापत जाते. शेवटी आसाचे टोक तुटते आणि डबा रुळावरून घसरतो. इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरला मैलभर मागचे चाक कसे दिसणार?

म्हणून रुळाकाठी यंत्र बसवतात. तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. चुलीवरच्या तव्याला हात न लावताही धग कळते ना, तसेच! यंत्र हे किरण टिपते आणि कितवा आस किती तापला ते सांगते.

मग अपघात होतोच कसा? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाईन नावाचे गाव आहे. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री १४९ डब्यांची मालगाडी तिकडे निघाली होती. पहिल्या यंत्राने एक बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा २१ अंश सेल्सियस जास्त गरम असल्याचे नोंदले. पुढच्या यंत्राने ५७ अंश. पण इशारा द्यायची मर्यादा होती सुमारे ९४ अंश! म्हणून कोणी गाडी थांबवली नाही. तिसरे यंत्र तिथून ३१ किलोमीटर लांब. तिथे आकडा आला १४० अंश. इशारा मिळाला, ड्रायव्हरने वेग कमी केला, पण उशीर झाला होता. ३८ डबे घसरले. त्यांतल्या ११ टाक्यांत घातक रसायने होती. मोठी आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण सुमारे दोन हजार लोकांना घरे सोडावी लागली.

यात चूक कुठे झाली? यंत्राला बेअरिंगचे बाहेरचे अंग दिसते, आतला भाग त्याहून जास्त तापलेला असतो. शिवाय नुसता आकडा पाहून भागत नाही, तो किती वाढला तेही पाहावे लागते. बाळाचा ताप सकाळपेक्षा दुपारी वाढला तर आई संध्याकाळची वाट पाहत बसते का? या अपघातानंतर तिथल्या रेल्वे कंपन्यांनी मुख्य मार्गांवर यंत्रे सरासरी २४ किलोमीटरवर बसवायचे ठरवले.

आपल्याकडे गाडी जाताना स्टेशन मास्तर हिरवे निशाण घेऊन उभे असतात. ते नुसते निशाण दाखवत नसतात, बरं का! चाकातून धूर निघतो का, ठिणगी उडते का, हेही पाहत असतात. यंत्र असो की माणूस, वेळीच पाहिले आणि वेळीच सांगितले तरच उपयोग.