मेंढपाळांच्या बोलीतून खानांचा इतिहास

तेराव्या शतकात चंगीझखान व त्याचे वंशज ह्यांनी चीनपासून रशियापर्यंत राज्य केले. त्या राज्याचा इतिहास बहुतांशी जिंकल्या गेलेल्या लोकांनी, म्हणजे इराणी व चिनी लेखकांनी, लिहून ठेवला. मोंगलांचे स्वतःचे लेख थोडेच उरले, आणि त्यांतील पुष्कळ शब्द पंडितांनाही उलगडत नव्हते. ते उलगडण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या फादर आंत्वान मोस्टार्ट ह्यांची ओळख आम्ही आज आमच्या वाचकांस करून देत आहोत.

फादरांचा जन्म १८८१ साली बेल्जममधील ब्रुज शहरी झाला. १९०५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली व त्याच वर्षी ते मिशनकार्यासाठी चीनकडे निघाले. पुढे १९२५ पर्यंत ते ऑर्डोस नावाच्या रुक्ष पठारावर, बोरो बालगासुन येथील मिशनात राहिले. तेथील मोंगल लोक गुरेमेंढरे पाळणारे. फादर त्यांच्यात धर्मसेवा करीत, आणि त्यांच्या कथा, गीते, म्हणी व कोडी ऐकून जशीच्या तशी टिपून घेत. १९२५ नंतर पेकिंगमध्ये राहून त्यांनी हे भांडार नीट लावले. १९३७ साली त्या मौखिक साहित्याचा संग्रह, आणि १९४१ ते १९४४ ह्या काळात ऑर्डोस बोलीचा तीन खंडांचा कोश प्रसिद्ध झाला.

ह्या खटाटोपाचा इतिहासाला काय उपयोग, असे कोणी विचारील. ‘मोंगलांचा गुप्त इतिहास’ हा तेराव्या शतकातील ग्रंथ चिनी अक्षरांत लिहिलेल्या मोंगल भाषेत उरला आहे. त्यातील अनेक दुर्बोध स्थळांचा अर्थ फादरांनी लावला, आणि तेथे ऑर्डोसच्या मेंढपाळांची बोली त्यांच्या कामी आली.

१९४८ पासून ते अमेरिकेत होते. तेथे हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस क्लीव्ह्ज ह्यांच्यासह त्यांनी व्हॅटिकनच्या दप्तरातील तीन मोंगल लेख १९५२ साली प्रसिद्ध केले. त्यांत इराणचा मोंगल राजा अर्गुन ह्याने १२९० साली पोप चौथे निकोलस ह्यांस पाठविलेले पत्र आहे. पोपमहाशयांनी त्याला बाप्तिस्मा घेण्यास सुचविले होते. बाप्तिस्मा कोणी घ्यावा व कोणी घेऊ नये हे चिरंतन स्वर्गच जाणे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. मिशनऱ्याला हे उत्तर गोड वाटण्याजोगे नव्हे. तथापि फादरांनी ते मूळ शब्दांसह जगापुढे ठेवले. सत्याची चाड ती हीच, असे आम्हांस वाटते.

अर्गुनने १२८९ साली फ्रान्सचा राजा चौथा फिलिप ह्यालाही पत्र धाडले होते. आपण दमास्कससमोर तळ देऊ, आणि जेरुसलेम हाती आल्यास ते तुम्हांस देऊ, असे वचन त्यात होते. १२९१ साली अर्गुन मरण पावला व तो बेत तसाच राहिला. हे पत्रही फादरांनी व क्लीव्ह्जांनी १९६२ साली सविवरण प्रसिद्ध केले.

१९६५ साली फादर मायदेशी परतले व १९७१ साली तेथेच देवाघरी गेले. राजांच्या पत्रांची किल्ली त्यांना एका निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या समाजाच्या तोंडी सापडली. आपल्या घरातील आजीआजोबांच्या तोंडचे जुने शब्द हसण्यावारी नेण्यापूर्वी आपण हे ध्यानात ठेवावे, एवढीच आमची विनंती.