समजून घ्या : बालशिक्षणात करिअर करायचंय? नोकऱ्या कुठे आहेत आणि पगार कुठे अडतो?

माझ्या मामेबहिणीला गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन नोकऱ्यांसाठी फोन आले. एक शहरातल्या प्ले-ग्रुपमधून, दुसरा आदिवासी तालुक्यात अंगणवाड्यांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेतून. ती मानव विकास विषयाची पदवीधर आहे आणि लहान मुलांत रमते. पण प्ले-ग्रुपने सांगितलेला पगार माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या स्टायपेंडपेक्षाही कमी होता. मामीने एका वाक्यात निकाल लावला : ‘एवढं शिकून बालवाडीची बाईच व्हायचं होतं का?’

हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. म्हणून या क्षेत्रात नोकऱ्या नेमक्या कोणत्या, त्या कोण देतं आणि पुढे वाट कुठे जाते, ते पाहू.

आत्ताच एवढी चर्चा का?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १०+२ ऐवजी ५+३+३+४ अशी रचना आणली. त्यातली पहिली पाच वर्षं म्हणजे वय ३ ते ८ : अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते, असं धोरणातच म्हटलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये या पायाभूत टप्प्याचा स्वतंत्र राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. मे २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी ‘पोषण भी, पढाई भी’ सुरू केलं.

कायदा मात्र मागेच आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला हक्क देतो. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी कलम ११ एवढंच सांगतं की सरकार पूर्वप्राथमिकची सोय करू शकतं. करायलाच हवी, असं नाही. या क्षेत्रातल्या पगाराची बरीचशी गोष्ट इथेच सुरू होते. पहिलीच्या शिक्षकाला वेतनश्रेणी आहे, त्याच मुलाला आदल्या वर्षी शिकवणाऱ्या बाईला मानधन.

सगळ्यात मोठी नियोक्ती : अंगणवाडी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. ‘अंगणवाडी’ हा शब्द मूळचा आपल्याकडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं.

महाराष्ट्रात सेविका होण्यासाठी किमान बारावी उत्तीर्ण आणि स्थानिक रहिवासी असावं लागतं. पद फक्त महिलांसाठी आहे. शिकवण्याशिवाय पूरक आहार, वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, गृहभेटी आणि या सगळ्याची पोषण ट्रॅकर ॲपवर नोंद, हेही त्याच ताईचं काम. मुलांना गोष्ट सांगायला दिवसातला किती वेळ उरतो, हे जवळच्या अंगणवाडीत एक सकाळ बसून पाहा.

आता पैसे. केंद्राने सेविकेसाठी २०१८ मध्ये दरमहा ४,५०० रुपये ठरवले. राज्यं त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १० हजारांवर गेलं, मदतनिसाचं ५,५०० झालं. तरी त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. २०२४ मध्ये राज्याने पुन्हा वाढ केली. पण मुद्दा आकड्याइतकाच शब्दाचाही आहे. ‘मानधन’ म्हटलं की वेतनश्रेणी नाही. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. प्रकरण गुजरातचं होतं, पण त्याचा आधार आता देशभरच्या संघटना घेतात.

वरची पायरी मुख्य सेविकेची. तिला वेतनश्रेणी आहे, पदवी लागते. काही जागा थेट परीक्षेने भरतात, काही अनुभवी सेविकांमधून. त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, ज्यासाठी एमपीएससी.

इथे एक गोष्ट लक्षात येते. मुलांच्या सतरंजीपासून जितकं लांब जावं, तितका पगार वाढत जातो. ही फक्त सरकारची तऱ्हा नाही.

खासगी प्ले-ग्रुप, नर्सरी

शिक्षिका, मग समन्वयक, मग केंद्रप्रमुख, आणि भांडवल असेल तर स्वतःची फ्रँचायझी, असा इथला रस्ता. या शाळांवर वर्षानुवर्षं धड नियमनच नव्हतं. राज्याने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी नोंदणी पोर्टल आणलं. त्यामुळे शाळांची यादी तयार होईल, शिक्षिकेचा किमान पगार मात्र त्यातून ठरत नाही.

मुलाखतीत चार गोष्टी न लाजता विचारा. नेमणूक लेखी मिळेल का? मे महिन्याचा पगार मिळतो का, की दहाच महिन्यांचा? वर्गात मदतनीस आहे का? एका मोठ्या माणसामागे मुलं किती? केंद्राच्या बालशिक्षणाच्या दर्जा मानकांनुसार ३ ते ६ वयोगटात एका मोठ्या माणसामागे २० मुलं आणि त्याहून लहानांमध्ये १० हे प्रमाण असावं. चाळीस मुलं आणि एकटी तुम्ही असाल, तर ती शिकवणी नाही, राखण आहे.

संस्थांमध्ये काम काय असतं?

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला, म्हणून थोडं जास्त लिहितो.

पालघर जिल्ह्यात सोनाळे इथे क्वेस्ट ही संस्था आहे, नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये सुरू केलेली. ती अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण देते, प्रत्यक्ष वर्गात जाऊन सोबत करते. डहाणू तालुक्यात ऐने इथे ग्राममंगल आहे, रमेश पानसे आणि अनुताई वाघ यांच्या कामातून उभी राहिलेली. पुण्यात सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस आहे. ‘प्रथम’ची सुरुवातही १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासूनच झाली. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी साइटवरच पाळणाघर चालवणारी मुंबई मोबाइल क्रेशेस आहे. मुंबईतच ‘उम्मीद’ ही संस्था विकासात अडचणी असलेल्या मुलांसोबत काम करते.

अशा संस्थांत कामं बरीच वेगवेगळी असतात. गावोगाव फिरणारा क्षेत्र समन्वयक, प्रशिक्षक, गोष्टी-गाणी-चित्रं तयार करणारे, मुलं काय शिकली ते मोजणारे. वारली, कोरकू, गोंडी यांसारखी भाषा येत असेल तर ती इथे खरी पात्रता ठरू शकते, कारण मूल घरची भाषा घेऊनच अंगणवाडीत येतं. माझ्यासारख्यांसाठीही दार उघडं आहे : रॉकेट लर्निंग ही संस्था सेविका आणि पालकांना व्हॉट्सॲपवर छोटे उपक्रम पाठवते, आणि त्यामागे कोड लिहिणारी माणसंही लागतात.

संस्थांतल्या नोकऱ्यांची कच्ची बाजूही आहे. अनेक पदं एखाद्या देणगीदाराच्या प्रकल्पाला बांधलेली असतात. प्रकल्प संपला की पदही संपू शकतं. ‘हा प्रकल्प कधीपर्यंत आहे?’ हे विचारणं उद्धटपणा नाही.

पुरुषांना जागा आहे?

सेविकेचं पद सोडून जवळपास सगळीकडे आहे. भारतातल्या बालशिक्षणाच्या पायात एक वकील उभा आहे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. ताराबाई मोडक त्यांच्याकडेच घडल्या.

कोर्स कोणता करावा?

गल्लीबोळात सहा महिन्यांचे ‘नर्सरी टीचर ट्रेनिंग’चे बोर्ड दिसतात. पैसे भरण्याआधी ते प्रमाणपत्र कोण मान्य करतं, हे पाहा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांची पदविका आहे, बारावीनंतरची. केंद्रीय विद्यालयांत २०२२-२३ पासून बालवाटिका सुरू झाल्या. तिथल्या कंत्राटी शिक्षकभरतीतही किमान दोन वर्षांची पदविका किंवा नर्सरीचं बीएड मागतात. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही. ‘मॉन्टेसरी’ शब्द तर पाटीवर कुणीही लिहितं, तेव्हा प्रशिक्षण देणारी संस्था कोणाशी संलग्न आहे ते विचारा.

पदवी, पदव्युत्तर शिक्षणासाठी एसएनडीटी विद्यापीठ, मुंबईचं निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ इथे मानव विकासाचे अभ्यासक्रम आहेत. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात बालशिक्षणातच एमए करता येतं. आणखी एक दार कमी लोकांना माहीत आहे : मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ती पाळणाघरं चालवायलाही शिकलेली माणसं लागतात.

मामेबहिणीने शेवटी दोन्हीकडे फोन केला. प्ले-ग्रुपमध्ये मे महिन्याचा पगार नाही. संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांचा आहे, पगार प्ले-ग्रुपपेक्षा बरा, पण तालुक्याच्या गावी खोली करून राहावं लागेल. मामी खोली बघायला स्वतः सोबत जाणार आहे.