देहस्थ वैद्यकीय यंत्रे आणि आज्ञेचा अधिकार

मनुष्यदेहात संपूर्णपणे बसविलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये उपयोगात आला. तो ठरावीक गतीने स्पंदने देई. त्याच्याशी संभाषण करण्याचा प्रश्नच नव्हता. आजचे यंत्र मात्र बोलते आणि ऐकतेही. छाती पुन्हा न उघडता त्याची गती बदलता यावी, नोंदी वाचता याव्यात, म्हणून त्यास रेडिओलहरींची भाषा शिकविलेली आहे. ही सोय लक्षावधी रुग्णांस उपकारक ठरली आहे, यात शंका नाही. परंतु जे यंत्र ऐकते, ते कोणाचे ऐकते, हा प्रश्न त्यातूनच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२००८ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन व मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील संशोधकांनी हार्वर्डशी संलग्न वैद्यकांच्या सहकार्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेडट्रॉनिक कंपनीचा एक डिफिब्रिलेटर त्यांनी प्रयोगशाळेत तपासला. हे यंत्र १७५ किलोहर्ट्झ कंप्रतेवर संदेश पाठवीत असे. रुग्णाचे नाव, जन्मतारीख, रोगनिदान ही माहिती कोणत्याही गुप्तलिपीवाचून उघड जात असल्याचे आढळले. पुढे, डॉक्टरांच्या नियंत्रकाने पाठविलेले संदेश मुद्रित करून तेच पुन्हा प्रसारित केले असता यंत्राने ते मानले. उपचार बंद करण्याची आज्ञा त्याने पाळली. हृदयात प्राणघातक थरथर उत्पन्न करू शकेल असा विद्युत्‌झटका देण्याची आज्ञाही पाळली. अंतर अवघे काही सेंटिमीटर होते, आणि यंत्र कोणाच्या देहात नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे.

भाषाभ्यासकास यातील दोष चटकन ओळखू येतो. आज्ञार्थी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, म्हणजे ती आज्ञा सिद्ध होते असे नाही. आज्ञा देणाऱ्यास तसा अधिकार असावा लागतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत उक्तीच्या साफल्यास अशा अटी सांगितल्या होत्या. उपरोक्त यंत्र वाक्याची शुद्धता तपासत होते, वक्त्याचा अधिकार नव्हे. म्हणूनच संदेशाचा अर्थ न उलगडताही, केवळ त्याची पुनरुक्ती करून त्यास फसविता आले.

मग यंत्रास कुलूप का लावू नये? अडचण अशी की, रुग्ण परगावी बेशुद्ध पडला, तर अपरिचित डॉक्टरासही त्या यंत्राशी तत्काळ बोलता आले पाहिजे. किल्ली घरी राहिली, तर कुलूपच प्राण घेईल. शिवाय यंत्राची विद्युत्‌घटी अनेक वर्षे पुरवावयाची असते; प्रत्येक परक्या हाकेची शहानिशा करण्यात ती खर्ची पडते. यावर २००८ च्याच संशोधकांनी एक तोडगा सुचविला: शहानिशेपुरती ऊर्जा विचारणाऱ्याच्याच रेडिओलहरींतून घ्यावी, आणि कोणी संपर्क साधताच रुग्णास ऐकू येईल असा ध्वनी करावा.

उपायालाही जोखीम असते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी अॅबट कंपनीची सुधारित आज्ञावली मंजूर झाली. तिच्यासाठी रुग्णाने प्रत्यक्ष दवाखान्यात जावयाचे होते. सुमारे तीन मिनिटे हृदय मिनिटास ६७ स्पंदनांच्या राखीव गतीवर चालावयाचे होते. पूर्वानुभवावरून यंत्र पूर्णपणे निकामी होण्याचे प्रमाण ०.००३ टक्के धरले गेले. सर्वांनीच ही सुधारणा करून घेतली असती, तर या हिशेबाने सुमारे चौदा जणांच्या बाबतीत तसे घडले असते. उलट, परक्या संदेशामुळे कोणास इजा झाल्याची नोंद त्या वेळी नव्हती. म्हणून सरसकट आदेश न देता, डॉक्टर व रुग्ण यांनी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा, असे अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेने सुचविले.

आपल्या परिभाषेत येथे एक भेद स्पष्ट करणे इष्ट होय. यंत्र स्वतः बिघडू नये, ही ‘निर्धोकता’. दुसऱ्याने ते हेतुतः बिघडवू नये, ही ‘सुरक्षा’. व्यवहारात ‘सुरक्षितता’ हा एकच शब्द दोन्ही अर्थी योजिला जातो, आणि पहिलीची ग्वाही दुसरीचीही समजली जाते. २००८ च्या प्रयोगातील यंत्र निर्धोक होते. त्यास दिलेली प्रत्येक आज्ञा त्याने बिनचूक पाळली. धोका नेमका तेथेच होता.