टीप बिघडली की आधी दोरा काढा, मग स्क्रू बघा

दसरा झाला की नेर परसोपंतात दोन कामांची एकदम गर्दी होते. शेतात कापसाची वेचणी सुरू असते आणि घरात दिवाळीची शिलाई. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं. बाजारात भाव चढेल या आशेनं वेचलेला कापूस बऱ्याच घरांत एका खोलीत रचून ठेवलेला असतो, आणि जागा कमी म्हणून पायमशीनही त्याच खोलीत. नेमक्या याच दिवसांत मशीन कुरकुरायला लागतं. "खालून दोऱ्याचा गुच्छा होतो", "मशीन दोरा खाते", "टीप ओढली की सरळ निघून येते". मग निदान एकच: टेन्शन बिघडलं. स्क्रू-ड्रायव्हर येतो, बॉबिन केसचा बारीक स्क्रू दोन-तीन वेढे फिरतो आणि साधं बिघडलेलं मशीन खरोखरच बिघडतं.

घरगुती मशीनच्या टेन्शनच्या बहुतेक तक्रारींत टेन्शनचा दोषच नसतो. दोष असतो दोरा ओवण्यात, सुईत, बॉबिनमध्ये किंवा अडकलेल्या कचऱ्यात. स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी.

हे पटण्यासाठी टाका कसा पडतो ते बघावं लागेल. वरचा दोरा रिळातून निघतो, टेन्शनच्या दोन चकत्यांमधून दाबला जाऊन बारीक स्प्रिंगमध्ये अडकतो, तिथून वर-खाली होणाऱ्या लिव्हरच्या भोकातून सुईत येतो. सुई कापडाखाली जाऊन किंचित वर उचलली की तिच्या मागे दोऱ्याचं छोटं वेटोळं तयार होतं. शटलचं टोक ते वेटोळं पकडून खालच्या दोऱ्याच्या अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग लिव्हर वर जाताना जादा दोरा खेचून घेतो आणि दोन्ही दोऱ्यांची अडकण कापडाच्या जाडीत मधोमध बसते. टोकाशी भोक असलेली सुई आणि खालचं शटल यांची ही जोडी एलायस हाउ यांच्या १८४६ च्या अमेरिकन पेटंटात आहे. आज नेरमध्ये चालणारं काळं पायमशीन असो की मोटरवालं नवं मशीन, टाक्याचं तत्त्व तेच राहिलं आहे.

म्हणजे प्रत्येक टाक्यात दोन दोऱ्यांची रस्सीखेच चालते. ज्याचा जोर जास्त, अडकण त्याच्या बाजूला सरकते. त्यामुळे निदान नेहमी उलटं करायचं असतं. कापडाच्या खालच्या बाजूला वेटोळी दिसली तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे, किंवा खालचा फार ढिला. खाली गुच्छा झाला म्हणून बॉबिन केसच्या मागे लागणं ही सर्रास होणारी चूक आहे.

वरचा दोरा अचानक सैल का पडतो, याचं एक कारण फार साधं आहे. कापड दाबून धरणारी दाबपट्टी खाली असताना टेन्शनच्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटतात. पट्टी वर उचलली की आतली छोटी पिन सरकते आणि चकत्या मोकळ्या होतात. पट्टी खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न शिरता नुसता कडेवर बसतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण दोऱ्याला कसलाच ताण नसतो. मग टेन्शनचा नट कितीही आवळा, गुच्छा जात नाही. म्हणून वरचा दोरा पूर्ण काढावा, दाबपट्टी वर करून सावकाश पुन्हा ओवावा, तो स्प्रिंगमध्ये अडकला आहे ना ते बघावं. मग पट्टी खाली करून सुईजवळचा दोरा हळूच ओढून पाहावा. आधी सहज येणारा दोरा आता अडखळत आला, तर चकत्यांनी तो पकडला आहे.

त्यानंतर सुई. वाकलेली किंवा बोथट सुई दोऱ्याला घासते, आणि आपण ताण वाढला असं समजतो. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते. दोरा त्याच बाजूने भोकात जायला हवा. सुईच्या दांड्याची चपटी बाजू चुकीच्या दिशेला बसली तर टाके सुटू लागतात. पातळ जॉर्जेटला ११ नंबर, सुती ब्लाउज नि परकराला १४, जीन्स किंवा गोधडीच्या थरांना १६ ते १८, असा ढोबळ हिशोब ठेवावा. पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी, ०.९० मिलिमीटर.

आता कचरा. कापसाच्या खोलीतली रुई हवेत तरंगते, तेल लागलेल्या भागांवर चिकटते, आणि चकत्यांमध्ये व बॉबिन केसच्या पत्तीखाली तिची बारीक वात तयार होते. पत्तीखाली तांदळाच्या कणीएवढा कचरा असला तरी पत्ती उचललेली राहते, खालचा दोरा ढिला सुटतो आणि टीप पार बिघडते. तो काढायला जुन्या लग्नपत्रिकेचा कडक कोपरा पत्तीखालून फिरवावा. टाचणी किंवा ब्लेड घालू नये; पत्तीवर ओरखडा पडला की दोरा तिथे कायमचा अडकत राहतो. चकत्यांमधून, पट्टी वर असताना, स्वच्छ सुती चिंधी दुमडून ओढावी. शटलची जागा ब्रशने झाडून मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. खोबरेल तेल घालू नये, ते चिकट होऊन थिजतं. आणि दिवसाचं काम संपल्यावर मशीनवर कापड टाकावं.

दोऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कापसाच्या मुलखात हा विषय आपला वाटतो. शिवणाचा चांगला सुती दोरा लांब धाग्याच्या कापसापासून होतो. तो विंचरून, पिळून, ताणलेल्या अवस्थेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढतात, म्हणजे त्याला चकाकी आणि बळकटी येते. कॉस्टिकच्या या प्रक्रियेचं मूळ जॉन मर्सर यांच्या १८५० च्या पेटंटात आहे. आज दुकानात मिळणारी बहुतेक रिळं मात्र पॉलिस्टरची. पॉलिस्टर ताणलं की लांबतं आणि सोडलं की आखडतं. त्यामुळे पातळ सिंथेटिक साडीवर घट्ट टेन्शनने मारलेली टीप शिवताना छान दिसते, आणि थोड्या वेळाने सगळी कडा गोळा होते. अशा कापडाला वरचं टेन्शन थोडं कमीच हवं. वर जाड नि खाली बारीक दोरा घालू नये, आणि उन्हात पडून कुजलेलं रीळ बिनदिक्कत फेकून द्यावं. बॉबिनही सैल, उंचसखल किंवा काठोकाठ भरू नये. दुसऱ्या मशीनची बॉबिन बसते म्हणून चालवणं तर टाळाच.

एवढं झाल्यावरही टीप नीट नसेल तर चाचणी घ्या. वर लाल दोरा, खाली पांढरा. सुती कापडाचा तुकडा दुहेरी करून तिरक्या रेषेत टीप मारा आणि टीप दोन्ही टोकांना धरून झटक्याने ताणा. फक्त लाल तुटला तर वरचं टेन्शन घट्ट, फक्त पांढरा तुटला तर खालचं. दोन्ही एकदम तुटले तर मशीन बरोबर आहे. खालचा ताण वेगळा पाहायचा तर बॉबिन भरलेली केस दोऱ्याने हवेत टांगा. ती आपोआप खाली घसरली तर ढिली. हलका झटका दिल्यावर दोन बोटं सरकून थांबली तर योग्य. झटक्यानेही हलली नाही तर आवळलेली.

आता कुठे स्क्रू. आधी वरचा नट, एका वेळी थोडाच, आणि प्रत्येक वेळी चिंधीवर टीप मारून. नटावर आकडे असतील तर मधल्या आकड्यापासून सुरुवात करावी. बॉबिन केसच्या स्क्रूला पाव वेढाही खूप होतो. फिरवण्याआधी त्याच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवा, म्हणजे परत येता येईल. तो स्क्रू पुरता निघाला आणि जमिनीच्या भेगेत गेला, तर त्या दिवशीचं काम थांबलंच.

काही दोष मात्र घरच्या हाताबाहेरचे असतात. बारीक स्प्रिंग तुटणं, चकत्यांवर दोऱ्याची खोल चर पडणं, शटलचं टोक खरखरीत होणं, नवी सुई घालूनही टाके सुटत राहणं. नव्या सुईनंतरही टाके सुटणं हा बहुधा सुई आणि शटलची वेळ चुकल्याचा दोष आहे, टेन्शनचा नव्हे. त्यासाठी मिस्त्रीच हवा.

शिलाई मशीन घरोघरी पोहोचवण्यासाठी आपल्याकडे बरंच काही झालं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकामही आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि सुरुवातीचं काही दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. जिल्हा परिषदेच्या योजनांतूनही बायकांना मशीन मिळतात. या साऱ्या प्रशिक्षणांत ब्लाउजचं कटिंग शिकवलं जातं, ते हवंच. पण त्यातला एक तास बॉबिन केस उघडून साफ करायला आणि लाल-पांढऱ्या दोऱ्याची चाचणी स्वतः घ्यायला द्यावा, अशी नेरच्या आणि इतर तालुक्यांच्या प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. दिवाळीच्या आठवड्यात मिस्त्रीची वाट पाहत बसलेल्या बाईची मजुरी बुडते, आणि पुष्कळदा ती फक्त पत्तीखाली अडकलेल्या रुईपायी बुडते.