खेळाला मंडळी कशी मिळते?

कांहीं कला अशा आहेत कीं त्या एकट्याला पुऱ्या करतां येतात. कवीला कागद आणि लेखणी पुरते; कथाकाराचेंही तसेंच. पण संहिता लिहून झाली म्हणजे नाटक झालें, असें होत नाहीं. तिला नट पाहिजेत, वाजविणारे पाहिजेत, पडदे रंगविणारा पाहिजे. याच जातीची एक नवी कला गेल्या अर्धशतकांत वाढीस लागली आहे. ती म्हणजे संगणकावरील खेळांची. सुशिक्षित घरांतून आज एखादा असा तरुण सहज आढळतो, कीं ज्याच्या वहींत खेळाची सबंध कथा, त्यांतील पात्रें, नियम आणि नकाशे तयार आहेत. परंतु त्याला चित्रें काढतां येत नाहींत, प्रोग्रॅम लिहितां येत नाहीं, आणि पगार देऊन माणसें ठेवण्याइतका पैसा तर नाहींच. अशा लेखकाला हौसेनें काम करणारी मंडळी मिळाली नाहीं, तर ती वही कपाटांत पडून राहते, आणि दोनचार वर्षांनीं तिच्याबरोबर त्याची उमेदही संपते.

ही मंडळी मिळवावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत नाटकाच्या बाबतींत तो वर्षानुवर्षें सुटत आलेला आहे. नाटकाच्या प्रयोगालाही आपल्याकडे खेळच म्हणतात; तेव्हां एका खेळाची रीत दुसऱ्या खेळाला कितपत उपयोगी पडते, हें पाहण्यासारखें आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या दाट झाडीच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. यांपैकीं गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून वेगळा झालेला जिल्हा होय. येथील मुख्य पीक धानाचें. धान घरांत आलें कीं हातांत थोडा पैसा आणि थोडी उसंत येते. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि त्यांच्या निमित्तानें पाहुणे जमले कीं रात्रीं नाटक होतें. तें उशिरां सुरू होऊन पहांटेपर्यंत चालतें. दंडार आणि खडी गंमत हे येथील जुने लोकप्रकार. त्यांच्याच अंगणांत हें नाटक वाढलें. प्रथम गांवचेच हौशी लोक तें बसवीत. पुढें व्यावसायिक मंडळ्या निघाल्या. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें गांव गोंदिया-चंद्रपूर लोहमार्गावर असल्यामुळें या मंडळ्यांचें ठाणें बनलें. हंगामांत तेथें त्यांचीं कार्यालयें उघडतात आणि गांवोगांवचीं मंडळें नाटक ठरविण्यासाठीं तेथें येतात.

या रंगभूमीचा पसारा केवढा आहे, हें एका नटाच्या कारकीर्दीवरून कळतें. परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. ५००० च्या वर प्रयोगांत सुमारें ८०० निरनिराळ्या भूमिका त्यांनीं केल्या, असें त्यांच्या गौरवाच्या वेळीं सांगण्यांत आलें. एका नटाला इतक्या भूमिका मिळाल्या, तर त्या मुलुखांत लेखकाची गरज किती असेल, याचा अंदाज सहज बांधतां येतो. तरीही तेथें लेखकाला मंडळी मिळते ती केवळ गरजेमुळें नव्हे. त्याला तीन गोष्टींचा आधार असतो: एकत्र येण्याचें ठरलेलें ठिकाण, चुकवितां न येणारी तारीख, आणि वाचून दाखवितां येईल अशी पुरी झालेली संहिता. शिवाय तो लिहितो तें हाताशीं असलेल्या माणसांकडे पाहून. विनोदी काम कोण करील, गाणारें कोण आहे, रात्रभर प्रेक्षकांना धरून ठेवण्यास काय लागेल, याचा विचार त्याच्या लेखणीला सोडतां येत नाहीं.

संगणकावरील खेळाच्या लेखकाचें बहुधा नेमकें येथेंच बिनसतें. आपली कल्पना ही मोठी ठेव आहे, ती ऐकवली कीं चित्रकार व प्रोग्रॅमर धांवत येतील, अशी त्याची समजूत असते. पण हौशी चित्रकाराजवळही स्वतःच्या दहा कल्पना असतात. त्याच्या मनांतला खरा प्रश्न निराळा असतो: आपल्या संध्याकाळीं आणि रविवार या माणसाच्या कामांत घातले, तर हें काम शेवटास जाईल काय? या प्रश्नाला लेखकाजवळ दाखविण्यासारखें उत्तर पाहिजे.

तें उत्तर म्हणजे एक लहानसा पुरा झालेला खेळ. तो कागदावर, फांसे आणि सोंगट्या घेऊन रचला तरी चालेल; घरच्या चार माणसांना खेळावयास बसविलें कीं नियम कोठें अडतात तें तत्काळ दिसतें. कथेला फांटे फुटणारा खेळ असेल तर ट्वाइन नांवाचें साधन विनामूल्य मिळतें. क्रिस क्लिमस यांनीं तें २००९ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्यांत प्रोग्रॅम लिहिण्याचें ज्ञान नसतांही असा खेळ रचतां येतो. पुढें प्रोग्रॅमर मिळाल्यावर गोडो हें दुसरें साधन घ्यावें. तेंही २०१४ पासून सर्वांना खुलें आहे. पंधरा मिनिटांचा पण शेवटापर्यंत गेलेला खेळ शंभर पानांच्या आराखड्याहून अधिक बोलका असतो.

या कलेच्या आरंभकाळांतलीच एक गोष्ट याची साक्ष देते. अमेरिकेंत विल क्राउदर हा प्रोग्रॅमर गुहांतून हिंडण्याचा षोकी होता. १९७५-७६ च्या सुमारास त्यानें आपल्या मुलींसाठीं गुहेंतील भटकंतीचा, केवळ शब्दांनीं चालणारा एक खेळ रचला. डॉन वुड्स या तरुणाला तो दुसऱ्या एका संगणकावर सांपडला. कर्त्याचा पत्ता ठाऊक नसल्यामुळें त्या वेळीं एकमेकांस जोडलेल्या प्रत्येक संगणकावर क्राउदरच्या नांवें त्यानें पत्र धाडलें, परवानगी मिळविली, आणि १९७७ सालीं तो खेळ वाढवून पुढें आणला. या दोघांची गांठ घालून दिली ती चालत्या खेळानें. वुड्सनें आधीं परवानगी मागितली, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ठिकाण आणि तारीख. मंडईचें काम या क्षेत्रांत गेम जॅम नांवाचे मेळे करतात. लुडम डेअर २००२ पासून आणि ग्लोबल गेम जॅम २००९ पासून चालू झाला. दुसऱ्यांत सुरुवातीच्या वर्षांत दिलेल्या विषयावर ४८ तासांत खेळ पुरा करावयाचा असे. मुदत थोडी, म्हणून खेळ लहान. आणि खेळ लहान, म्हणून परक्या माणसाबरोबर काम करून पाहण्याची भीति नसते. कोण शब्द पाळतो, कोण मध्येंच गळतो, कोणाशीं आपलें जमतें, हें दोन दिवसांत कळतें. पुष्कळ ओळखींतून जें साधत नाहीं, तें अशा एका मेळ्यांत साधतें.

मोठें शहर जवळ नसलें म्हणून अडून बसण्याचें कारण नाहीं. चंद्रपुरांत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. गडचिरोलीस २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ झालें. प्रोग्रॅमर तेथें शोधावा. पडदे रंगविणाऱ्या हातांना खेळांतील देखावा रंगवितां येईल, आणि नाटकाला ऑर्गन व तबल्याची साथ करणाऱ्याला खेळाचें संगीत परकें वाटणार नाहीं. शाळेच्या एका खोलींत दोन सुट्यांचे दिवस ठरवून लहानसा जॅम भरविला, तर अशीं निरनिराळीं माणसें एका टेबलाभोंवतीं येतील.

मंडळी जमली कीं ती टिकविण्याचें काम उरतें. जेथें पगार नाहीं तेथें प्रत्येकाचा वेळ हेंच भांडवल असतें, आणि तें जपणें हा लेखकाचा पहिला धर्म होय. त्याचें लिखाण आधीं पुरें होतें. म्हणून नंतरचीं कंटाळवाणीं कामें त्यानें आनंदानें अंगावर घ्यावींत. खेळ पुनःपुन्हां खेळून चुका टिपणें, कामांची यादी ठेवणें, ठरल्या दिवशीं सर्वांना आठवण देणें, हीं तीं कामें होत. चित्रकारानें राक्षस दोनच काढले, तर कथेंतील पांच राक्षसांचे दोन करण्याची तयारी त्यानें ठेवावी. झाडीपट्टींतला लेखक नट पाहून लिहितो, तो याच शहाणपणानें.

एक लहानसा लेखी करारही अवश्य असावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें नोकरीबाहेर केलेल्या कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ताच असतो, आणि तो हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तें लेखी लागतें. म्हणून बिनपगारी मंडळींत चित्रें चित्रकाराचीं आणि संगीत संगीतकाराचें राहतें. एखादा मधूनच सोडून गेला तर त्याचें काम वापरावें कीं नाहीं, नांवें कोणत्या क्रमानें द्यावींत, पुढेंमागें पैसा आलाच तर वांटणी कशी, हें सर्व स्नेह ताजा असतांना एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. यानें मैत्रीला बाध येत नाहीं. उलट ती वांचते.

शंकरपटांवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली आणि २०२१ च्या डिसेंबरांत शर्यतींना पुन्हां परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत पट थांबले, पण त्या बंदीमुळें त्यांच्या आधारानें वाढलेलीं नाटकें थांबलीं नाहींत. कारण तोंवर लोकांना एकत्र येऊन खेळ उभा करण्याची संवय जडली होती. वहींत खेळ लिहून बसलेल्या तरुणानें हीच संवय लावून घ्यावी. पुढच्या महिन्यांतील दोन दिवस ठरवावे, एक लहान खेळ पुरा करून हातांत घ्यावा, आणि एका चित्रकाराला व एका प्रोग्रॅमरला तो खेळावयास बोलवावें. मंडळीची सुरुवात तिघांपासूनच होते.